देवीचा फेरा आणि छत्रपतींची गादी

सोलापुराहून तुळजापुरास जावयास निघाले म्हणजे वाटेत तामलवाडी नावाचे गाव लागते. इतिहासाच्या ग्रंथांत ह्या गावाचे नाव सहसा आढळावयाचे नाही. पण त्याच्या अंगावरून जाणारी यात्रेची वाट सर्वांच्या परिचयाची आहे. कोजागिरीच्या सुमारास ह्याच वाटेने सहस्रावधी माणसे, बायकापोरे आणि वृद्धही, पायी चालत देवीच्या दर्शनास जातात. पुढे घाट चढला की तुळजापूर आले, आणि तेथे भोसले घराण्याची कुलस्वामिनी भवानी उभी आहे.

ह्या वाटेने जात असता एका शब्दाचा विचार आमच्या मनात घोळू लागला. तो शब्द म्हणजे ‘देवी’ हाच होय. ‘आम्ही देवीला निघालो’ असे यात्रेकरू म्हणतो तेव्हा त्याच्या मनात भवानीची मूर्ती असते. परंतु आमच्या आजीपणजींच्या तोंडी ‘त्या घरी देवी आल्या’ असे शब्द येत, तेव्हा ऐकणाराच्या अंगावर काटा उभा राही. एकच शब्द, पण एका ठिकाणी तो आईचा, आणि दुसऱ्या ठिकाणी लेकरू हिरावून नेणाऱ्या रोगाचा! रोगाला रोग म्हणावयाचे नाही, तो घरी आलेला मानाचा पाहुणा समजावयाचा. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधावयाचा, घरात फोडणी द्यावयाची नाही, आजाऱ्याशी उंच स्वराने बोलावयाचे नाही, हे सर्व रिवाज ज्या भीतीतून उत्पन्न झाले ती भीती आजच्या तरुण गृहिणींस कल्पनेनेच जाणावी लागेल. आणि ते किती भाग्याचे आहे, हे समजावे म्हणूनच आजचा हा लेख.

देवीच्या रोगाचा स्वभाव थोडक्यात सांगितला पाहिजे. कारण तो कळल्यावाचून पुढील इतिहास नीट उमगणार नाही. हा रोग एका विषाणूपासून होतो. तो माणसापासून माणसास, बहुधा श्वासावाटे व निकट सहवासाने, आणि कधी कधी आजाऱ्याच्या कपड्यांतूनही लागतो. शरीरात शिरल्यावर सुमारे बारा दिवस तो काहीच खूण दाखवीत नाही. माणूस हिंडतो-फिरतो, बोलतो, जेवतो. मग एकाएकी भारी ताप भरतो, कंबर व डोके फुटू लागते. दोन-तीन दिवसांनी तोंडावर व हातापायांवर पुरळ उठते, आणि ते पुढे पुवाने भरते. मृत्यू यावयाचा तो बहुधा दुसऱ्या आठवड्यात येतो. उग्र जातीच्या देवी आल्या तर दहांतून सुमारे तीन माणसे दगावत. जी वाचत त्यांच्या तोंडावर व्रण राहत, कित्येकांचे डोळे जात. पण एक गोष्ट मात्र त्यांस मिळे. एकदा देवी येऊन गेल्या की त्या माणसास बहुधा जन्मभर पुन्हा येत नसत. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचेच काम पडणार आहे.

आता तीनशे वर्षे मागे जाऊ. सन १७०० चा फाल्गुन मास. औरंगजेब बादशहा जातीने साताऱ्याच्या किल्ल्यास वेढा घालून बसला होता. १६९९ च्या डिसेंबरात सुरू झालेला हा वेढा चालू असतानाच, मार्चच्या आरंभी, सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचा अंत झाला. वय अवघे तिशीचे. संभाजी महाराजांचा वध होऊन अकरा वर्षे झाली होती, त्यांचे पुत्र शाहू बादशहाच्या कैदेत होते, आणि आता गादी पुन्हा मोकळी पडली. राजाराम महाराजांस राणी ताराबाई यांच्या पोटी शिवाजी व राणी राजसबाई यांच्या पोटी संभाजी असे दोन औरस पुत्र होते. पण दोघेही अगदी लहान, थोरला शिवाजी तेव्हा चार वर्षांचाही पुरता नव्हता.

ह्यापुढील हकीकत आमच्या शाळेतील पुस्तकांत बहुधा एका ओळीनेही येत नाही. औरंगजेबाचे चरित्रकार सर जदुनाथ सरकार यांनी ती नमूद केली आहे. राजाराम महाराजांस कर्ण नावाचा एक अनौरस पुत्र होता. त्यास प्रथम गादीवर बसविण्यात आले. पण सुमारे तीन आठवड्यांतच देवी येऊन तो मरण पावला! त्यानंतर ताराबाईंचा लहानगा शिवाजी गादीवर आला आणि राज्यकारभाराची सूत्रे त्या पंचवीस वर्षांच्या विधवा राणीच्या हाती गेली.

ह्या तीन आठवड्यांचे गणित मांडून पाहिले म्हणजे मन थरारते. रोग अंगात लपून राहण्याचे बारा दिवस, आणि ताप आल्यापासून मृत्यूपर्यंतचे दहा ते पंधरा दिवस, अशी बेरीज केली तर ती तीन-चार आठवड्यांच्या घरात जाते. म्हणजे कर्ण ज्या दिवशी गादीवर बसला, त्या दिवशी किंवा त्याच्या थोडे आधीच रोग त्याच्या अंगात शिरला असला पाहिजे. सरदार मुजरे करीत होते, आणि ज्यास मुजरे होत होते त्याचा काळ त्याच्याच रक्तात पावले टाकीत होता. हा आमचा तर्क आहे, बखरीतील वाक्य नव्हे. परंतु रोगाचा क्रम ठरलेला असल्यामुळे तो फारसा चुकीचा ठरेल असे वाटत नाही.

एका महिन्यात दोनदा गादी रिकामी झाली. साताऱ्याचा किल्लाही त्याच वर्षी २१ एप्रिल रोजी मोगलांच्या हाती गेला आणि मागाहून सज्जनगडही पडला. अशा वेळी मराठ्यांची फौज फुटून देशोधडीस लागली असेल असे कोणासही वाटावे. पण घडले ते ह्याच्या उलट! पुढील सात वर्षे ताराबाईंनी बादशहास दक्षिणेत अडकवून ठेवले; मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यापर्यंत धडका मारू लागल्या; आणि १७०७ साली तो वृद्ध बादशहा दिल्लीचे तोंड पुन्हा न पाहता अहमदनगरास मरण पावला.

येथे वाचक विचारतील की, जो रोग राजपुत्रास तीन आठवड्यांत नेतो तो फौजेस का शिवला नाही? त्याचे उत्तर आम्हांस त्या रोगाच्या स्वभावातच सापडते. आपल्या देशात देवी ही पाहुणी नव्हती, ती येथे कायमचीच ठाण मांडून बसलेली होती. दर काही वर्षांनी, आणि विशेषतः फाल्गुनापासून वैशाखापर्यंतच्या कोरड्या दिवसांत, तिचा फेरा गावोगाव होई. बंगाली लोक ह्या रोगास ‘वसंत’ म्हणत आले ते काही उगाच नव्हे. त्यामुळे जो कोणी विसाव्या वर्षी भाला हाती घेऊन घोड्यावर बसला, त्याच्या घरी त्याच्या बालपणीच देवी बहुधा येऊन गेलेली असे. त्या फेऱ्यात जी मुले दगावली ती दगावली. जी उरली ती व्रण अंगावर घेऊन, पण रोगाच्या भयातून सुटून मोठी झाली. धनाजी जाधवांच्या पथकांत जे घोडेस्वार होते, त्यांतील बहुतेकांनी हा कर आपापल्या आईच्या मांडीवरच भरून टाकलेला होता. औरंगजेबाच्या छावणीचेही तेच. १६९५ साली इटालियन प्रवासी जेमेली करेरी याने गलगल्याची ती छावणी पाहिली, तेव्हा तिचा घेर तीस मैलांचा व आतील वस्ती पाच लक्षांची असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. एवढ्या गर्दीत देवीची ठिणगी नित्य धुमसत असणार. पण तिला जाळावयास मिळत ती छावणीतील मुले, शिपाईगडी नव्हेत.

तेव्हा ह्या रोगाने आपल्याकडे फौज मोडली नाही; मोडला तो वारसांचा क्रम. जो प्रौढ होता तो बहुधा सुरक्षित होता. ज्याच्या कोवळ्या मस्तकावर राज्य उभे करावयाचे तोच उघड्यावर होता. फौज लढावयास उभी राहिली तिची किंमत घरोघरीच्या पाळण्यांनी आधी भरली होती. त्या पाळण्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. मराठ्यांच्या पराक्रमाचा इतिहास लिहिताना आपण किल्ले व लढाया मोजतो. परंतु दहा मुलांतून उरलेल्या सहा-सात मुलांचाच तो पराक्रम होता, आणि बाकीच्यांसाठी रडलेल्या आया त्याच इतिहासात आहेत, हे विसरता कामा नये.

हा भेद किती खरा आहे ते पाहावयाचे असल्यास अमेरिकेकडे दृष्टी टाकावी. जॉर्ज वॉशिंग्टन एकोणीस वर्षांचा असताना, १७५१ साली, आपल्या आजारी सावत्र भावाबरोबर बार्बाडोस बेटावर गेला आणि तेथे त्यास देवी आल्या. तो वाचला, तोंडावर व्रण राहिले. पुढे १७७५ साली तो अमेरिकन फौजेचा सेनापती झाला तेव्हा त्याची स्थिती आपल्या मराठी स्वारासारखी होती, पण त्याच्या शिपायांची तशी नव्हती. विरळ वस्तीच्या खेड्यांतून आलेल्या त्या शेतकऱ्यांच्या पोरांनी देवी कधी पाहिलीच नव्हती. क्वेबेकच्या स्वारीत अमेरिकन फौजेत हा रोग शिरला, आणि १७७६ च्या जूनमध्ये खुद्द तेथील सेनापती जॉन थॉमस त्यानेच मेला. तेथे नेता सुरक्षित होता व फौज उघडी पडली होती. आमच्याकडे फौज सुरक्षित होती व नेता उघडा पडला होता.

वॉशिंग्टनने मग जे केले ते मोठ्या धैर्याचे होते. १७७७ च्या फेब्रुवारीत त्याने साऱ्या फौजेस देवी टोचून घेण्याचा हुकूम दिला. त्या काळी गाईच्या देवीची लस निघाली नव्हती. रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत घालून सौम्य देवी मुद्दाम आणवीत. बंगालमध्ये टीकादार लोक हेच करीत, आणि हॉलवेल नावाच्या इंग्रज वैद्याने १७६७ साली त्याचे वर्णन छापून प्रसिद्ध केले होते. ह्या उपायानेही शंभरांतून एखाददुसरा मरे, आणि टोचलेली पलटण काही आठवडे लढावयाच्या कामाची राहत नसे. शत्रूस सुगावा लागता तर अनर्थ ओढवला असता. तरीही त्याने शंभरांत तीस मरण्यापेक्षा एक मरणे पत्करले. स्वतःच्या पत्नीसही त्याच्या आदल्याच वर्षी टोचून घेतलेले होते. जे घरच्या माणसास लावले तेच त्याने फौजेस लावले.

आणि जेथे नेता व फौज दोन्ही उघडी होती तेथे काय झाले? मेक्सिकोच्या अझ्टेक लोकांस ह्या रोगाचे नावही ठाऊक नव्हते. १५२० साली स्पॅनिश लोकांबरोबर तो तेथे गेला. स्पॅनिशांस राजधानीबाहेर हुसकावून लावणारा त्यांचा राजा क्वित्लाहुआक सुमारे ऐंशी दिवस राज्य करून देवीनेच मेला. त्याच्याबरोबर नगरातील योद्धे, त्यांस पाणी देणारी माणसे व शेतात राबणारे हात सर्वच आडवे झाले, आणि १५२१ च्या ऑगस्टात ती राजधानी शत्रूच्या हाती पडली. कर्णाचे तीन आठवडे व क्वित्लाहुआकचे ऐंशी दिवस ह्यांत फारसे अंतर नाही. पण एकाच्या मागे राज्य उरले, दुसऱ्याच्या मागे उरले नाही. रोगातून पार पडलेली माणसे मागे होती की नव्हती, एवढाच काय तो फरक. आणि अर्थात मागे ताराबाई होत्या हाही!

परंतु देवीचा भोसल्यांकडील फेरा एवढ्यावर संपला नव्हता. शाहू महाराज १७०७ साली सुटून आले, चुलती-पुतण्यांचे युद्ध झाले, ताराबाईंनी कोल्हापूरची निराळी गादी उभी केली. १७१४ साली त्यांच्या सवतीच्या पक्षाने उलट बाजी मारून राजसबाईंचा मुलगा संभाजी यास गादीवर बसविले, आणि ताराबाई व शिवाजी ह्या मायलेकरांस पन्हाळ्यावर अटकेत टाकले. बारा वर्षे अशी गेली. १७२६ च्या मार्च महिन्यात त्याच अटकेत शिवाजीस देवी आल्या आणि एकोणतिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. पुन्हा मार्च महिना, पुन्हा फाल्गुन-चैत्राचेच दिवस!

एकोणतीस वर्षांच्या प्रौढ माणसास देवी याव्यात, म्हणजे बालपणी त्यास त्या आल्या नव्हत्या हे उघड आहे. त्याचे बालपण गडागडांवर, पहाऱ्यात गेले. तारुण्य कैदेत गेले. सामान्य रयतेच्या पोरास जी धूळ, जी जत्रा, जी गल्लीतील गर्दी लाभते ती त्यास लाभली नाही. ज्या तटबंदीने त्यास बालपणी रोगापासून राखले असावे, तिनेच त्यास पुढे रोगाच्या हाती दिले, असा तर्क करावयास हरकत नाही.

ह्या एका मृत्यूचे परिणाम पंचवीस वर्षे पुरले. ज्याच्या नावावर ताराबाईंनी मोगल बादशाहीशी झुंज घेतली तो मुलगा गेला, आणि त्याबरोबर कोल्हापूरच्या गादीवरील त्यांचा हक्कही दुबळा झाला. पुढे शाहू महाराजांनी त्यांस साताऱ्यास नेऊन ठेवले. १७३१ साली वारणेचा तह होऊन सातारा व कोल्हापूर ही दोन राज्ये कायमची निराळी झाली. शाहू महाराज १७४९ साली निपुत्रिक वारले, तेव्हा ताराबाईंनी सांगितलेला नातू, म्हणजे १७२६ साली जन्मलेला शिवाजीचा मुलगा रामराजा, साताऱ्याच्या गादीवर आला. त्याचे बालपण वैऱ्यांच्या भयाने गुप्तपणे गेले होते. पण पुढे त्याचे ताराबाईंशी बिनसले, आणि १७५० साली त्यांनी त्यास कैद करून ‘हा माझा नातूच नव्हे’ असे जाहीर केले. बाप हयात असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता. छत्रपतींची सत्ता नाममात्र होऊन ती पेशव्यांच्या हाती एकवटली, ह्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांत पन्हाळ्यावरील त्या आजारपणासही एक लहानशी जागा दिली पाहिजे.

ही सारी हानी ज्या रोगाने केली त्याचा उपाय मात्र तलवारीने झाला नाही. १७९६ साली एडवर्ड जेन्नर याने गाईच्या देवीची लस एका मुलाच्या दंडात टोचली. ती लस बगदाद व बसरा ह्या मार्गाने मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. हिंदुस्थानात लस लागू पडलेले हे पहिले मूल. तिच्या दंडावरील फोडातून दुसऱ्या मुलांस, त्यांच्यापासून तिसऱ्यांस, अशी दंडादंडावरून ही लस मुंबईहून पुणे, सुरत, हैदराबाद अशी पसरत गेली. ज्या मार्गांनी फौजा गेल्या त्याच मार्गांनी आता लहान मुलांचे दंड आरोग्य वाहून नेऊ लागले.

लोकांनी तिचे स्वागत केले असे मात्र नाही. टोचणारा गावात आला म्हणजे आया मुलांस लपवीत. देवीचा अपमान होईल, मूल बाटेल, अशी शंका अडाण्यांसच नव्हे तर सुशिक्षितांच्या घरांतही होती. तामलवाडीसारख्या गावी तर आणखी एक अडचण. १८५३ ते १८६० ही सात वर्षे वगळली तर १९४७ पर्यंत सोलापूर इंग्रजी मुलखात व तुळजापूर-तामलवाडी निजामाच्या राज्यात होते. दोन राज्ये, दोन कारभार. परंतु यात्रेकरू व रोग ह्या दोघांस ती सरहद्द दिसत नव्हती. एका बाजूस टोचले व दुसऱ्या बाजूस राहिले तर देवी त्याच वाटेने परत येणारच. हा रोग एका गावातून, एका राज्यातून घालवून भागत नाही. तो साऱ्या जगातून एकदम घालवावा लागतो, हे ज्ञान होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

आणि तो गेला! १९७४ साली बिहारात मोठी साथ आली, तेव्हा सरकारी सेवक घरोघर हिंडून रोगी हुडकू लागले, आणि सापडलेल्या रोग्याभोवतीच्या सर्वांस टोचून रोगाची वाट रोखू लागले. १९७५ च्या मे महिन्यात आसामात देवीचा शेवटचा रोगी सापडला. १९७७ साली हिंदुस्थान देवीमुक्त ठरले, आणि ८ मे १९८० रोजी साऱ्या जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेने जाहीर केले. हा रोग माणसावाचून इतर प्राण्यांत घर करून राहत नसे. म्हणूनच माणसांची साखळी तुटताच तो संपला.

आज तुमच्या घरी कोणी वृद्ध स्त्री असेल तर तिच्या दंडावर एक वाटोळा वण दिसेल. नातवंडे ‘हे काय गं?’ म्हणून विचारतात आणि ती हसून ‘देवी काढल्या होत्या’ म्हणते. तो वण साधा नव्हे. राजाराम महाराजांच्या गादीस, पन्हाळ्याच्या कैद्यास जे मिळाले नाही ते त्या वणाने एका सामान्य मुलीस मिळवून दिले. नातवंडांच्या दंडावर तो वण नाही, कारण आता त्याची गरजच उरली नाही. पण गोवर, घटसर्प, डांग्या खोकला हे अद्याप गेलेले नाहीत. त्यांच्या लशी टोचून घेण्याचा दिवस पुढे ढकलताना सुशिक्षित आईबापांनी एकवार त्या वणाकडे पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

कोजागिरीस तामलवाडीच्या वाटेने पुन्हा माणसांचा पूर लोटेल. कडेवर मुले असतील, खांद्यावर मुले असतील. ‘देवीला निघालो’ असे ती माणसे म्हणतील, आणि त्या शब्दाचा आता एकच अर्थ उरलेला असेल.